चार्ल्स डॉटर : बंद वाटा उघडणारा वैद्य

रक्तवाहिनीत बसवायची धातूची जाळीदार नळी, म्हणजेच ‘स्टेंट’, हा शब्द आज कोल्हापूरसारख्या शहरातही घरोघरी परिचयाचा झाला आहे. हृदयविकारामुळे तो रूढ झाला. पण यकृताच्या रुग्णांनाही हीच नळी जीवदान देते, हे फारसे ठाऊक नसते. या उपचारपद्धतीचा पाया घातला तो डॉ. चार्ल्स डॉटर यांनी.

१४ जून १९२० रोजी बोस्टन येथे जन्मलेले डॉटर वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, १९५२ मध्ये, ओरेगॉन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. क्ष-किरणतज्ज्ञाने केवळ छायाचित्रे काढावीत आणि उपचार शल्यविशारदांवर सोपवावेत, ही तत्कालीन रीत त्यांना मान्य नव्हती. गिटारच्या तारांपासूनही ते स्वतः उपकरणे घडवीत.

१६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यापुढे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. रक्तपुरवठ्याअभावी तिचा पाय सडू लागला होता आणि तो कापून घेण्यास तिने ठाम नकार दिला होता. डॉटर यांनी तारेवरून क्रमाने जाड नळ्या सरकवून अरुंद झालेली धमनी रुंद केली. पाय वाचला. मृत्यूपर्यंत ती आपल्या पायांनी चालत राहिली. तरीही मायदेशातील अनेक शल्यविशारदांनी डॉटर यांना विक्षिप्त ठरवले. युरोपातील डॉक्टरांनी मात्र त्यांचे तंत्र आपलेसे केले. १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या धमन्यांत धातूच्या स्प्रिंगसारख्या नळ्या बसवून आजच्या स्टेंटची पूर्वपीठिका रचली.

त्याच वर्षी, पुढे त्यांचे निकटचे सहकारी ठरलेले चेक डॉक्टर योसेफ रॉश यांनी यकृतासंबंधीचा प्रयोग प्रसिद्ध केला. सिरॉसिसमध्ये यकृत कठीण होते. आतडी व प्लीहेकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रवेशिका शिरेतील दाब वाढतो. अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात आणि रुग्ण रक्ताच्या उलट्या करू लागतो. पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया अशा रुग्णाला क्वचितच झेपते. रॉश यांनी मानेतील शिरेतून सुई यकृतात नेऊन दोन शिरांमध्ये मार्ग तयार केला. मात्र असे मार्ग पुन्हा बुजत. १९८२ मध्ये कॅनडात कोलापिंटो यांनी फुग्याच्या साह्याने हा प्रयोग माणसांवर केला, तेव्हाही हीच अडचण आली. उघडलेली वाट टिकवण्यासाठी आधार हवा होता. तो १९८८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे पामाझ स्टेंटच्या रूपाने मिळाला. आता त्यासाठी आच्छादित स्टेंट वापरले जातात. रक्तस्राव थांबतो, मात्र काही रक्त यकृताला वळसा घालून जात असल्याने मेंदूवर दुष्परिणाम होऊ शकतो. म्हणूनच रुग्णाची निवड काटेकोरपणे करावी लागते.

हे यश पाहण्यास डॉटर हयात नव्हते. हॉजकिन्स या कर्करोगाशी झुंज देत असतानाही गिर्यारोहणाचा छंद जपणाऱ्या या वैद्याने १५ फेब्रुवारी १९८५ रोजी जगाचा निरोप घेतला. १९९० मध्ये पोर्टलंड येथे त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. तथापि, त्यांचे खरे स्मारक आहे ते चाकूविना वाचलेल्या असंख्य रुग्णांच्या देहात.