पीटर मिचेल : पेशीतल्या पातळ आवरणाची ताकद ओळखणारा शास्त्रज्ञ



पेशीचा पाठ आला की आपण मुलांना तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, शिकवतो. पेशीचं पॉवर हाऊस, दोन आवरणं, आतल्या आवरणाला घड्या, एवढं वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. पण त्या घड्या कशासाठी, असं एखाद्या चौकस मुलानं विचारलं तर? याचं उत्तर ज्यांच्या कामामुळे सापडलं, त्या पीटर मिचेल यांची आज ओळख करून घेऊ.

गुणांत मागे पडलेला विद्यार्थी

मिचेल यांचा जन्म २९ सप्टेंबर १९२० रोजी इंग्लंडमधल्या मिचम या गावी झाला. शालेय शिक्षण टॉन्टनच्या क्वीन्स कॉलेज या शाळेत झालं. केंब्रिजच्या प्रवेशासाठी दिलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत त्यांची कामगिरी फारच वाईट होती. त्यांचे मुख्याध्यापक वाइजमन गणिताचे उत्तम शिक्षक होते. गुणपत्रिकेपलीकडचा मुलगा त्यांना माहीत होता. त्यांनी स्वतः पत्र लिहून रदबदली केली, म्हणून १९३९ मध्ये पीटरला केंब्रिजच्या जीझस कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथेही पदवीच्या पहिल्या टप्प्यात तिसरा वर्गच! १९४२ मध्ये ते संशोधनाला लागले आणि पीएच.डी. मिळायला १९५१ साल उजाडलं.

केंब्रिजमध्ये त्यांना दोन माणसं मिळाली. एक, पेशींच्या श्वसनाचा अभ्यास करणारे ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हिड केलिन. दुसऱ्या, प्रयोगात अतिशय काटेकोर असलेल्या जेनिफर मॉयल. १९५५ मध्ये मिचेल एडिंबरा विद्यापीठात गेले, तेव्हा मॉयलही तिकडे गेल्या.

सगळे शोधत होते एक, यांना दिसलं दुसरंच

आता त्या काळातलं कोडं बघा. अन्नाच्या ज्वलनातून ऊर्जा सुटते आणि ती एटीपी या संयुगात साठवली जाते, हे माहीत झालं होतं. पण ज्वलनापासून एटीपीपर्यंत ती पोहोचते कशी? मध्ये एखादं ऊर्जा वाहून नेणारं रसायन असणारच, असं बहुतेकांना वाटत होतं. मोठमोठ्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं ते शोधत होत्या. सापडत मात्र नव्हतं.

१९६१ मध्ये मिचेल यांनी 'नेचर' नियतकालिकात वेगळीच कल्पना मांडली. असं मधलं रसायन नाहीच, काम करतं ते आतलं आवरण! धरणाचं उदाहरण घ्या. भिंतीच्या एका बाजूला पाणी साठतं आणि ठरावीक वाटेनं खाली येताना टर्बाइन फिरवतं. इथे आतलं आवरण म्हणजे भिंत आणि हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, हे पाणी. आवरणात बसलेली काही प्रथिनं अन्नातल्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेरच्या बाजूला ढकलतात. ते परत आत येतात एका खास प्रथिनातून, आणि तिथेच एटीपी तयार होतं. भिंतीला भोक पडलं तर धरण रिकामं होतं. आवरण फाटलं की हे एटीपीचं काम का थांबतं, तेही यातून उलगडलं.

आजारपण आणि पडका वाडा

ही कल्पना बहुतेकांनी मनावर घेतली नाही. काहींनी तर कडाडून विरोध केला. त्यातच मिचेल यांना पोटाच्या अल्सरनं ग्रासलं आणि १९६३ मध्ये त्यांनी एडिंबराची नोकरी सोडली. जिथे गोष्ट संपायची, तिथून ती पुढे सुरू झाली, बरं का!

कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन गावाजवळ ग्लिन हाऊस नावाचा एक जुना, मोडकळीला आलेला वाडा त्यांनी दुरुस्त करून घेतला. एका भागात राहायचं घर, दुसऱ्या भागात प्रयोगशाळा. आवारात गाईही पाळल्या. घरची परिस्थिती चांगली होती, म्हणून भावाच्या साथीनं स्वतःचे पैसे घालून संशोधन संस्था उभी करता आली. माणसं मोजकीच, आणि मॉयल त्यांच्या सोबत होत्याच.

इथे त्यांनी केलेला एक प्रयोग मुलांनाही सांगण्यासारखा आहे. उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिका ऑक्सिजन नसलेल्या द्रवात ठेवल्या आणि मग अगदी थोडा ऑक्सिजन सोडला. लगेच बाहेरचा द्रव आम्लधर्मी झाला. म्हणजे प्रोटॉन खरोखरच बाहेर ढकलले जात होते!

१९६६ मध्ये अमेरिकेत जेगनडॉर्फ यांनी पालकाच्या पानांतली हरितलवकं आधी आम्लात आणि मग अल्कधर्मी द्रवात टाकली. अंधारातही एटीपी तयार झालं. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी कृत्रिम पटलाच्या बारीक पिशव्या केल्या. त्यांत प्रकाशावर प्रोटॉन ढकलणारं जीवाणूचं एक प्रथिन आणि गाईच्या हृदयातलं एटीपी बनवणारं प्रथिन बसवलं. प्रकाश पडताच एटीपी तयार झालं. मधलं रसायन कुठेच नव्हतं. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं.

त्यांचं सगळंच बरोबर निघालं असं नाही हं. श्वसनसाखळीतलं शेवटचं प्रथिन प्रोटॉन ढकलतं, हे फिनलंडच्या विकस्ट्रोम यांनी दाखवलं, तेव्हा मिचेल बरीच वर्षं वाद घालत राहिले. शेवटी १९८० च्या दशकात पुराव्यापुढे त्यांनी आपलं मत बदललं. १० एप्रिल १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

मग घड्या कशासाठी?

काम आवरणावर होत असेल तर आवरण जितकं जास्त, तितकं काम जास्त. म्हणून घड्या. १९५० च्या दशकात पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या दाखवल्या होत्या. पण घडी पाडतं कोण, याचं उत्तर मिचेल यांच्या निधनानंतर स्पष्ट होत गेलं. एटीपी बनवणारी प्रथिनं दोन-दोनच्या जोडीनं, एकमेकांशी कोन करून बसतात. अशा जोड्यांची रांग लागली की आवरण तिथे वाकतं आणि घडीची कड तयार होते. यीस्टमध्ये या जोड्या बनू दिल्या नाहीत, तेव्हा घड्या बिघडून कांद्यासारखे थर दिसले. घडीचं अरुंद तोंड सांभाळायला वेगळा प्रथिनसमूह असतो. ओपीए-१ नावाचं आणखी एक प्रथिनही घड्यांचा आकार राखतं. त्याच्या जनुकात दोष असेल तर डोळ्याची नस क्षीण होत जाते आणि लहानपणापासूनच दृष्टी हळूहळू कमी होऊ शकते. वहीतल्या त्या नागमोडी रेषेला एवढं महत्त्व आहे.

वर्गात काय करता येईल?

रिकामी काडेपेटी आणि कागदाची लांब पट्टी द्या. पट्टी न कापता, न चुरगळता पेटीत बसवायला सांगा. मुलं आपोआप घड्या घालतील. मग प्रत्येक घडीच्या कडेला पेनानं दोन-दोन ठिपके काढायला लावा, ती आपली प्रथिनांची जोडी. शेवटी सांगा, की आपलं शरीर दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि वापरतं. तेच ते पुन्हा पुन्हा!

आणि गोष्ट सांगताना नोबेलपाशी थांबू नका. वाइजमन सरांचं पत्र आणि जेनिफर मॉयल यांचे प्रयोग, दोन्ही सांगा. वार्षिक निकालाच्या दिवशी पालकांशी बोलताना तर त्या पत्राची आठवण जरूर ठेवा.