प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक आजही गावात दुरुस्त होतात, यामागं सोलापूरच्या एका माणसाचा हट्ट आहे

लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या जुन्या गॅरेजात प्रीमियर पद्मिनी नेली आणि ब्रेक लागत नाहीत म्हणून सांगितलं, की मिस्त्री आधी ब्रेक ऑइल बघतो. मग चाक काढून ड्रम उतरवतो. ब्रेक शूचं लायनर घासलंय का, व्हील सिलेंडर गळतोय का, हे तपासतो. लायनर बदललं, शू अ‍ॅडजस्ट केले, लाईनमधली हवा काढली की गाडी परत रस्त्यावर.

आज साध्या बाईकलाही डिस्क ब्रेक असतो. पद्मिनीच्या मात्र चारही चाकांना ड्रमच. कारण तिचं मूळ डिझाईन जुन्या फियाट 1100 चं. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तो 1953 च्या ल मान्स शर्यतीनंतर. ड्रम तापला की ब्रेक ढिले पडतात, डिस्क मात्र उघडी असल्यानं लवकर थंड होते. त्या जोरावर जॅग्वारनं ती शर्यत मारली.

शर्यत झाली जूनमध्ये. त्याच्या दोनच महिने आधी, 8 एप्रिल 1953 ला, भारतात गाडी बनवायचं वेड घेतलेला माणूस जग सोडून गेला होता.

वालचंद हिराचंद दोशी.

जन्म 23 नोव्हेंबर 1882, सोलापूर. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. पण गड्याचं मन पेढीवर रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत भागीदारी करून त्यांनी रेल्वेची ठेकेदारी धरली. सुरुवातीचं काम मिळालं बार्शी लाईट रेल्वेचं. हीच छोटी रेल्वे पुढं 1911 मध्ये लातूरला पोहोचली.

तिथून माणूस थांबलाच नाही. भोर घाटातले बोगदे झाले. 1919 मध्ये सिंधिया कंपनीचं लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, तेही ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असताना. डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, तीच आजची एचएएल.

राहिली होती मोटार.

तेव्हा भारतात गाड्या मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना 1928 पासून चालू होता. पण तिथं व्हायची फक्त जोडणी. सुटे भाग बोटीनं यायचे, इथं नटबोल्ट आवळले जायचे. म्हणजे भाग मोडला की परत बोटीकडं डोळे.

वालचंदना गाडी इथंच घडवायची होती. सर विश्वेश्वरय्यांनी कारखान्याची योजना मांडली होती, ती वालचंदनी उचलली. 1940 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी करारही झाला. पण इंग्रज सरकारनं दाद दिली नाही. मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, असं कारण पुढं केलं.

तरी त्यांनी नाद सोडला नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्यात कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये गाड्या बाहेर पडायला लागल्या. खरं सांगायचं तर सुरुवात जोडणीनंच झाली. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी क्रायस्लरची नावं होती. मग हळूहळू भाग इथं बनवायचं काम सुरू झालं आणि फियाटशीही हातमिळवणी झाली.

1949 मध्ये वालचंदना पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये ते धंद्यातून बाजूला झाले.

त्यांच्या जाण्याच्याच वर्षी सरकारनं धोरण ठरवलं. जो भाग इथं बनवेल तोच टिकेल, नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. पुढं सुटे भाग बनवणारे कारखाने वाढत गेले, 1962 मध्ये मद्रासला ब्रेक्स इंडिया सुरू झाली.

फियाट 1100 ला पद्मिनी हे नाव मिळालं 1974 मध्ये. वालचंदनी ती पाहिलीच नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची काळी-पिवळी पद्मिनीही निवृत्त झाली.

पण मराठवाड्यात कुणाच्या तरी वाड्यात आजोबांची पद्मिनी अजून उभी असेल. तिचे ब्रेक धरत नसले तरी गाडी भंगारात जात नाही. गावातला मिस्त्री चाक काढतो आणि कामाला लागतो. वालचंदना हवी होती ती गाडी हीच, बोटीची वाट बघायला न लावणारी.