दिनविशेष : शरीरातल्या साखरेचा हिशेब लावणाऱ्या गर्टी कोरी

१५ ऑगस्ट ही तारीख आपल्याला स्वातंत्र्यदिन म्हणून पाठ आहे. १८९६ साली याच दिवशी प्राग शहरात गर्टी कोरी यांचा जन्म झाला. वैद्यकीचं शिक्षण घेताना वर्गमित्र कार्ल कोरी यांच्याशी ओळख झाली. १९२० मध्ये लग्न झालं आणि १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत गेले.

संशोधन दोघांचं एकत्र. नोकरीसाठी बोलावणं मात्र कार्ल यांनाच यायचं. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख झाले. गर्टी यांना तिथंच तुटपुंज्या पगारावर संशोधन सहायक म्हणून घेतलं.

कणगीत धान्य भरावं तशी आपलं शरीर साखर साठवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृत आणि स्नायू ही त्याची दोन मोठी कोठारं. १९४३ मध्ये आर्डा ग्रीन यांच्यासोबत गर्टी यांनी सशाच्या स्नायूंतून हा साठा फोडणारं फॉस्फोरिलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं काढलं. ते इतकं शुद्ध होतं की त्याचे स्फटिक झाले. त्याची दोन रूपं सापडली. एक लगेच कामाला लागणारं. दुसरं अॅडेनिलिक आम्लाची साथ मिळाल्याशिवाय हलतच नाही.

१९४७ मध्ये गर्टी प्राध्यापक झाल्या, त्याच वर्षी कार्ल यांच्यासह नोबेलही मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण त्याच सुमारास अस्थिमज्जेचा असाध्य आजार निघाला. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत त्यांनी खाट टाकली. थकवा आला की पडायचं, पुन्हा कामाला लागायचं.

सर्वात मोठं काम याच काळातलं. काही लहान मुलांचं यकृत ग्लायकोजेनने फुगायचं, थोडा वेळ उपाशी राहिलं की रक्तातली साखर धोकादायक उतरायची. निरोगी यकृतात साखर रक्तात सोडणारं एक वेगळं विकर असतं, स्नायूंत ते नसतं. १९५२ मध्ये कोरी दांपत्याने अशा मुलांच्या यकृताचे नमुने तपासले. गंभीर आजारी मुलांत हेच विकर जवळजवळ नव्हतं. काहींत मात्र ते व्यवस्थित होतं. म्हणजे वरून एकच दिसणारे आजार मुळात वेगवेगळे होते. जन्मजात आजाराचं मूळ एका विकराच्या अभावात असल्याचं असं प्रत्यक्ष दिसलं.

२६ ऑक्टोबर १९५७ रोजी गर्टी गेल्या. आज अशा मुलांना ठरावीक वेळाने कच्चं कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून देतात. ते हळूहळू पचतं, साखर टिकते आणि मुलं मोठी होतात.