नाशिकची बॅरिस्टर

मी मूळची नाशिकची. पुण्यात सात वर्षं वकिली केली, लग्नानंतर लंडनला आले, तर आपली सनद इथे चालत नाही! परीक्षा नव्याने द्यायच्या. अभ्यास करून रडकुंडीला आले होते, तेव्हा कळलं की लिंकन्स इनमध्ये, म्हणजे इथल्या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेत, कॉर्नेलिया सोराबजींचा अर्धपुतळा आहे. जन्म १८६६, नाशिक. आमच्या गावच्या, आणि शाळेत कुणी नावही काढलं नव्हतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या परीक्षेत पहिल्या आल्या. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली. मग इंग्लंडमधल्या मंडळींनी पैसे जमवले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेला नुसतं बसू द्यायलाही विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. पास झाल्या, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० मध्ये!

भारतातही तेच. मुंबईची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा दिली, तरी सनद नाही. पण त्यांनी काम शोधलंच. पडद्यातल्या विधवा पुरुष वकिलासमोर येत नसत, आणि त्यांची इस्टेट भाऊबंद नाहीतर कारभारी गिळायचे. अशा बायकांसाठी १९०४ पासून बाई बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार होत्या. थेट जनानखान्यात जाऊन गाऱ्हाणी ऐकायच्या, मुलांच्या शिक्षणाचंही बघायच्या. वकील नसून वकिली, दुसरं काय!

अखेर कायदे बदलले. १९२३ मध्ये लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केलं, तेव्हा वय ५६. मग कलकत्ता हायकोर्टात उभ्या राहिल्या.

एक मात्र मला पटत नाही. त्या ब्रिटिश राजवटीच्या बाजूच्या होत्या, गांधीजींना विरोध करायच्या, कॅथरीन मेयोच्या वादग्रस्त पुस्तकाचीही पाठराखण केली. आपल्याकडे त्यांचं नाव मागे पडलं, त्याला हेही कारण असावं. पण बायकांसाठी केलेलं काम त्यामुळे पुसायचं का?

१९५४ मध्ये त्या लंडनमध्येच वारल्या. पुतळा बसला २०१२ मध्ये. माझा शेवटचा पेपर झाला, त्या दिवशी घरी न जाता मी होलबर्नला उतरले आणि लिंकन्स इनकडे चालत गेले.