विनू मंकड

क्रिकेटच्या मैदानावर ‘मंकडिंग’ हा शब्द तुम्ही कधीतरी ऐकला असेल. गोलंदाज चेंडू टाकण्यासाठी धावत येतो. त्याच्या बाजूला उभा असलेला फलंदाज धाव लवकर मिळावी म्हणून चेंडू सुटण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे सरकतो. अशा वेळी गोलंदाजाने चेंडू न टाकता त्याच्या बाजूच्या यष्ट्यांवरील बेल्स उडवल्या, तर तो फलंदाज धावबाद होतो. नियमाला धरून असलेल्या या कृतीला अनेक वर्षे कमीपणाचे मानले गेले आणि तिला एका थोर भारतीय खेळाडूचे आडनाव चिकटले. हा खेळाडू म्हणजे विनू मंकड.

मुळवंतराय हिंमतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे झाला. नवानगर हे संस्थान क्रिकेटसाठी प्रसिद्ध होते. तेथे इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्सली यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत आणि डाव्या हाताने संथ फिरकी गोलंदाजी टाकीत. १९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला तेव्हा विशीतल्या या तरुणाने फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींत छाप पाडली. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि उमेदीची वर्षे कसोटी सामन्यांविना गेली. त्यांना पहिला कसोटी सामना खेळायला मिळाला तो १९४६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी एक हजाराहून अधिक धावा केल्या आणि १२९ बळी घेतले.

१९४७ च्या अखेरीस लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनी येथील एका सामन्यात बिल ब्राऊन हे फलंदाज वारंवार रेषेबाहेर जात आहेत, हे मंकड यांच्या लक्षात आले. त्यांनी आधी सूचना दिली. ब्राऊन यांनी ती मानली नाही, तेव्हा त्यांना धावबाद केले. त्यानंतर १३ डिसेंबर १९४७ रोजी, सिडनीच्याच मैदानावर, कसोटी सामन्यात तोच प्रकार घडला. या वेळी मंकड यांनी सूचना दिली नाही. ब्राऊन पुन्हा बाद झाले आणि वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र पुढे आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. रेषा सोडणारा फलंदाज विस्मरणात गेला आणि नियम पाळणाऱ्या गोलंदाजाचे नाव त्या कृतीला मिळाले, ही गोष्ट थोडी विचित्रच म्हणावी लागेल. त्याच दौऱ्यात मंकड यांनी मेलबर्न येथे दोन शतके झळकावली होती. त्यांची आठवण फारसे कोणी काढत नाही.

मंकड यांचे खरे मोठेपण समजून घ्यायचे, तर मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत जावे लागते. भारत १९३२ पासून कसोटी सामने खेळत होता. परंतु वीस वर्षांत एकही विजय मिळालेला नव्हता. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्धचा पाचवा आणि शेवटचा सामना चेपॉकच्या मैदानावर सुरू झाला. मालिकेत इंग्लंड एका विजयाने पुढे होते. सामन्याच्या पहिल्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला, इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची बातमी आली आणि विश्रांतीचा दिवस पुढे ओढून दुसऱ्याच दिवशी घेण्यात आला. पण मंकड यांच्या गोलंदाजीची लय बिघडली नाही. चेंडूला उंची देऊन ते फलंदाजाला पुढे बोलावीत, चेंडू वळून जाई आणि यष्टिरक्षक खोकन सेन क्षणात बेल्स उडवीत. त्या सामन्यात सेन यांनी पाच फलंदाजांना यष्टिचीत केले. पहिल्या डावात मंकड यांनी ५५ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २६६ धावांवर संपला. भारताकडून पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. दुसऱ्या डावात मंकड यांनी आणखी ४ बळी मिळवले. सांगलीचे विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. भारताचा हा पहिला कसोटी विजय होता.

त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्स येथे त्यांनी जे केले, ते आजही नवलाचे वाटते. ते इंग्लंडमधील हॅस्लिंग्डन क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते. पहिला सामना हरल्यावर भारतीय संघाने त्यांना बोलावून घेतले. सलामीला येऊन त्यांनी ७२ धावा केल्या, ७३ षटके टाकून ५ बळी घेतले आणि लगेच पुन्हा फलंदाजीला उतरून १८४ धावा काढल्या. भारत सामना हरला, तरी तो मंकड यांचाच सामना म्हणून ओळखला गेला.

जानेवारी १९५६ मध्ये मद्रासने त्यांना पुन्हा एकदा पाहिले. या वेळी सामना कॉर्पोरेशन स्टेडियमवर, न्यूझीलंडविरुद्ध होता. मंकड आणि पंकज रॉय सलामीला आले आणि संपूर्ण पहिला दिवस दोघांपैकी कोणीही बाद झाले नाही. त्यांची भागीदारी ४१३ धावांवर थांबली. पहिल्या गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००८ पर्यंत टिकला. मंकड यांच्या २३१ धावा ही भारतीय खेळाडूची त्या वेळची सर्वोच्च धावसंख्या होती. ती ओलांडायला सत्तावीस वर्षे लागली. १९८३ मध्ये सुनील गावसकर यांनी ती ओलांडली, तीही मद्रासमध्येच.

१९५९ मध्ये मंकड निवृत्त झाले. ४४ कसोटी सामन्यांत २१०९ धावा आणि १६२ बळी ही त्यांची कामगिरी. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे तो शब्द मात्र राहिला. मार्च २०१९ मध्ये चेन्नईचेच फिरकी गोलंदाज रविचंद्रन अश्विन यांनी जयपूर येथे जोस बटलर यांना याच रीतीने बाद केले, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीचा वाद पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. एका थोर खेळाडूचे नाव अशा अर्थाने वापरू नये, असे गावसकर आग्रहाने सांगत आले. अखेर २०२२ मध्ये नियमावलीतील अनुचित खेळाच्या प्रकरणातून ही तरतूद काढून धावबादच्या नियमात घालण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी मंकड यांचा समावेश आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या मानाच्या यादीत झाला होता. भारतात एकोणीस वर्षांखालील खेळाडूंच्या एका राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. विनू मंकड करंडक जिंकण्यासाठी राज्याराज्यांतील मुले त्या स्पर्धेत खेळतात.