गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान

दरवर्षी सहलीला आपण गोवळकोंड्याला जातो. खालच्या दरवाज्यात टाळी वाजवतो, वर बाला हिसारवर ती ऐकू येते, आणि डबे खाऊन परततो. तिथल्या शेवटच्या राजाची, अबुल हसन कुतुबशहा ऊर्फ तानाशहाची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो.

तरुणपणी तो शाह राजू या सूफी संतांचा शिष्य होता. पुढे राजाचा जावई झाला आणि १६७२ मध्ये गादीवर बसला. मादण्णा पंडितांना त्याने प्रधान केले. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज आपल्या याच शहरात त्याला भेटले. त्याने त्यांना द्रव्य व तोफखान्याची मदत दिली.

औरंगजेबाला हे खुपत होते. १६८६ मध्ये मादण्णा व त्यांचे बंधू आक्कण्णा यांची हत्या झाली. १६८७ च्या आरंभी किल्ल्याला वेढा पडला. तोफा झाल्या, सुरुंग झाले. पावसाने, उपासमारीने मोगल छावणीचेच हाल झाले. आठ महिने किल्ला झुंजला. अखेर सप्टेंबरमध्ये अब्दुल्लाखान पन्नीने लाच घेऊन रात्री दरवाजा उघडला! अब्दुर रज्जाक लारी मात्र जखमांनी चाळण होईपर्यंत लढला. सुलतान शांत होता. पकडायला आलेल्या सरदारांसमोर त्याने जेवण उरकले, असे इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवले आहे.

त्याला दौलताबादच्या किल्ल्यात नेले. तिथल्या चिनी महालात तो मरेपर्यंत कैदेत होता. त्यामुळे गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांत त्याची कबर नाही. ती खुलताबादेत आहे. पुढच्या सहलीत टाळी झाल्यावर मुलांना हे मकबरेही दाखवू.