इंदूरचे यशवंतराव होळकर आणि समुद्रापार जाणाऱ्या मोटारी

रियाध शहरात ओलाया नावाचा एक श्रीमंत भाग आहे. तेथे एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर काचेचा मोठा गोळा बसविलेला आहे, तर दुसऱ्याच्या माथ्याशी प्रचंड पोकळी ठेवलेली आहे. पहिला २००० साली पुरा झाला, दुसरा २००२ साली. या दोन मनोऱ्यांच्या मधल्या रस्त्यावरून संध्याकाळी भारी किमतीच्या मोटारी धावत असतात. उन्हाळ्यात तेथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. मग आखाती देशांतील काही धनिक मंडळी थंड हवेसाठी लंडनला जातात आणि जाताना आपली आवडती मोटारही विमानाने किंवा बोटीने बरोबर नेतात. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात अरबी अंकांच्या पाट्या लावलेल्या या मोटारींचा गोंगाट इतका वाढला की, २०१५ साली तेथील नगरपालिकेला त्याविरुद्ध खास नियम करावा लागला.

ही हकीकत ऐकली की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हे नव्या पैशाचे नवे वेड आहे. पण तसे नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी आपल्याच मराठी रक्ताचा एक राजा या छंदात जगभर गाजला होता. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे, हे त्यांचे नाव. इंग्रजांशी १८०४ साली झुंज देणारे यशवंतराव ते वेगळे. त्या पहिल्या यशवंतरावांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. या दुसऱ्यांची सहसा सांगत नाही. आज ती सांगावी असे आम्हांस वाटते, कारण तिच्यातून घेण्यासारखे आहे आणि सोडण्यासारखेही आहे.

होळकरांचे घराणे मूळचे धनगराचे. नीरा नदीकाठच्या होळ गावावरून त्यांना हे नाव मिळाले. मल्हारराव मेंढरांमागून उठून पेशव्यांचे सरदार झाले आणि त्यांनी माळव्यात राज्य उभे केले. त्यांची सून अहिल्याबाई १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वराहून राज्य चालवीत होती. तिने बांधलेले घाट, विहिरी आणि देवळे काशीपासून रामेश्वरापर्यंत आजही दिसतात. अशा घराण्यात यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला.

शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच विलायतेस पाठविण्यात आले. चीम येथील शाळा, मग चार्टरहाऊस आणि पुढे ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज, असे त्यांचे शिक्षण झाले. मधल्या काळात घरावर संकट आले. १९२५ साली मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले. वडील तुकोजीराव यांनी चौकशीला तोंड देण्याऐवजी गादी सोडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये सतरा वर्षांचे यशवंतराव राजे झाले. राज्याचे पूर्ण अधिकार मात्र त्यांना १९३० साली मिळाले.

त्यांचा विवाह १९२४ सालीच कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी झाला होता. कागल हे कोल्हापूरजवळचे संस्थान. हे तरुण जोडपे युरोपात फार राहिले. पॅरिसच्या चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी त्यांना पाहिले आणि ते मोहून गेले. बर्नार बुते द मोंव्हेल या चित्रकाराने त्यांची तैलचित्रे काढली. काही चित्रांत ते पाश्चात्त्य पोशाखात दिसतात, काहींत मराठी दरबारी पोशाखात. एकाच माणसाची ही दोन रूपे होती. आपल्या बेटावर घरात एक भाषा आणि बाहेर दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसांना याचे नवल वाटू नये.

आता मोटारींकडे वळू. महाराजांची उंची चांगली, अंगकाठी सडपातळ आणि स्वतः गाडी चालविण्याची हौस दांडगी. त्यांच्या मोटारींपैकी सर्वांत प्रसिद्ध ड्यूसेनबर्ग कंपनीची, १९३५ सालची. तिचा सांगाडा आणि यंत्र अमेरिकेतील इंडियानापोलिस गावी तयार झाले. आठ सिलिंडरांचे हे यंत्र जवळजवळ सात लिटरचे होते आणि त्याची ताकद ३२० घोड्यांची सांगितली जात असे. त्या काळच्या साध्या मोटारीस तीस-चाळीस घोडे म्हणजे पुष्कळ, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची कल्पना येईल. हा सांगाडा बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून लंडनला आला. तेथे चेल्सी भागातील गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात त्यावर अंग चढविण्यात आले. एवढी अवाढव्य गाडी, पण बसायची जागा फक्त दोघांची! रंग दिला तो भगवा आणि काळा. तेथून पुढे ती इंदुरास आली. फ्रान्समधील हिस्पानो-सुइझा कंपनीची बारा सिलिंडरांची एक गाडीही त्यांनी घेतली होती. तिचे अंगही याच लंडनच्या कारखान्यात बनले.

त्या काळी मोटार परदेशी नेणे म्हणजे काय उपद्व्याप होता, ते थोडे सांगितले पाहिजे. आजच्यासारखी पोटात रस्ता असलेली, गाडी चालवीत आत नेता येईल अशी जहाजे तेव्हा महासागरावर नव्हती. टाकीतले पेट्रोल काढून घ्यायचे, बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि गाडी लाकडी खोक्यात घालायची किंवा चाकांखाली जाळी आणि पट्टे अडकवून यारीने उचलायची. धक्क्यावरून वर गेलेली गाडी जहाजाच्या पोटात उतरेपर्यंत मालकाचा जीव टांगणीला लागे. विलायतेहून निघालेले जहाज सुएझ कालव्यातून एडनवरून मुंबईस येई. मुंबईपासून इंदूरपर्यंत आग्रा रोड जातो. नाशिक, धुळे, मग सातपुड्याचा घाट, खलघाटाजवळ नर्मदा आणि पुढे महू, असा तो मार्ग.

जकातीचा प्रश्न वेगळाच. परदेशात नेलेली मोटार प्रवाशाने तेथेच विकून टाकली तर सरकारची जकात बुडते. म्हणून प्रत्येक सरहद्दीवर मोठी रक्कम अनामत ठेवावी लागे. यावर मोटार क्लबांनी एक तोड काढली. क्लब प्रवाशाला पानापानांची एक पुस्तिका देई. देशात शिरताना त्यातील एक भाग अधिकारी फाडून घेई आणि बाहेर पडताना दुसरा. गाडी परत गेली नाही तर जकात क्लबाने भरायची, आणि क्लब ती मालकाकडून वसूल करणार. म्हणजे सगळा कारभार जामीनकीवर चाले. चालकाचा आंतरराष्ट्रीय परवानाही १९२६ च्या पॅरिस कराराने ठरून गेला. ही पुस्तिका आजही कित्येक देशांत लागते. आपल्या आजा-पणजांना मॉरिशसला आणताना एक करारपत्र होते, आणि इकडे मोटारीच्या सहलीसाठीही एक पत्र होते. दोन्हींत परत जाण्याची तरतूद लिहिलेली होती. मोटारी परत जात. आमची बहुतेक माणसे येथेच राहिली.

महाराजांची हौस मोटारींपुरती नव्हती. ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली होती. त्याच्याकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग नावाचा राजवाडा १९३० ते १९३३ या काळात बांधून घेतला. त्यात ना घुमट, ना कमानी. सरळ रेषा, काच आणि धातू, आणि थंड हवेची यंत्रे. बरेच सामान जर्मनीहून बोटीनेच आले. याच मुथेसियसने त्यांच्यासाठी रेल्वेचा डबा, विमानाची आतली मांडणी आणि शिकारीच्या मुक्कामासाठी चाकांवरचे घर यांचेही आराखडे केले. रुमानियात जन्मलेल्या ब्रांकुशी या थोर शिल्पकाराकडून महाराजांनी आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पे घेतली आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचे ठरविले. ब्रांकुशी त्यासाठी इंदुरास येऊनही गेला.

परंतु ते मंदिर उभे राहिले नाही. १९३७ साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अगदी कोवळे. मागे एक लहान मुलगी, उषाराजे. ज्या माणसाने हवी ती वस्तू सात समुद्रांपलीकडून आणविली, त्याला आपली पत्नी मात्र परत आणता आली नाही. पुढे त्यांनी दोन वेळा अमेरिकन स्त्रियांशी विवाह केला. १९४४ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रिचर्ड.

आता कोणी विचारील, हा सगळा पैसा कोणाचा? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. माळव्याची काळी जमीन, तिच्यावरचा कापूस, शेतकऱ्याचा सारा आणि इंदूरच्या गिरण्या यांतून राज्याचे उत्पन्न येई. खेड्यात बैल विकून सारा भरणारा शेतकरी आणि दोन माणसांसाठी ३२० घोड्यांची गाडी, ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर मन अस्वस्थ होते. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून पोटासाठी जहाजात चढले. त्यांच्या पेटीत एखादे धोतर, एखादी पोथी आणि तांब्या असेल. आम्ही त्या पेटीचे वारस आहोत, म्हणून आम्हांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

पण न्याय करायचा तर पारड्यात दुसरी बाजूही टाकली पाहिजे. १९३९ साली गंभीर नदीवर धरण बांधून इंदूर शहराला पाणी देण्यात आले. त्या जलाशयाला यशवंत सागर म्हणतात. इंदूरचे मोठे सरकारी रुग्णालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. क्रिकेटला त्यांनी आश्रय दिला. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यासारखे खेळाडू होळकर संघातून खेळले आणि या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४२ साली त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी, असे सुचविले. इंग्रजांच्या छत्राखालील राजाने असे करणे हे धाडसच होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. यशवंतराव तेथील उपराजप्रमुख झाले आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात मिसळेपर्यंत त्या पदावर राहिले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. गादीचा मान कन्या उषाराजे यांच्याकडे गेला.

आणि त्या वस्तूंचे काय झाले? भगवी-काळी ड्यूसेनबर्ग भारताबाहेर गेली. राजेरजवाड्यांच्या इतक्या जुन्या मोटारी अशा निघून गेल्या की, शेवटी १९७२ साली भारत सरकारने त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील संग्रहालयात जाऊन बसले. माणिकबागेतील सामान १९८० साली मोनॅको येथे लिलावात विकले गेले. बोटीने आलेले बोटीने गेले म्हणा ना! रिकाम्या झालेल्या राजवाड्यात पुढे जकात आणि अबकारी खात्याची कचेरी आली. ज्याच्या मोटारी आयुष्यभर जकातनाक्यांवरून ये-जा करीत होत्या, त्याच्याच घरात जकातीचे अधिकारी बसले. काळाचा हा विनोद आहे.

एक गोष्ट मात्र कोठे गेली नाही. महेश्वरला अहिल्याबाईंच्या काळापासून माग चालत होते. ते बंद पडण्याच्या बेतात असता १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेहवा नावाची संस्था काढून विणकरांना, त्यातही बायकांना, पुन्हा काम दिले. अमेरिकन मातेच्या पोटी जन्मलेला हा मुलगा आजीच्या आजीच्याही पलीकडच्या बाईचा वसा पुढे चालवितो, ही गोष्ट समुद्रापार राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मोठा धीर देणारी आहे. आपल्या घरातील लग्नात कोणी महेश्वरी साडी नेसली असेल, तर तिच्या काठाकडे एकदा निरखून पाहावे. त्यावरची नक्षी पुष्कळदा महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतींवरून घेतलेली असते.

आमच्या बेटाची लांबी पासष्ट किलोमीटरांच्या आसपास. येथे ३२० घोड्यांना धावायला जागा नाही. तरीही आमचे तरुण कर्ज काढून मोटार घेतात, मग हप्त्यांसाठी रात्रपाळी करतात. त्यांना आम्ही हौस करू नका असे म्हणणार नाही. शामारेलचा घाट चढताना खाली मोर्नचा डोंगर आणि निळे पाणी दिसते, तेव्हा आमचेही मन प्रसन्न होते. आमचे म्हणणे एवढेच की, गाडीचा हिशेब करताना शेजारी दुसरा एक हिशेब मांडावा. आपल्यामागे काय राहील, हा तो हिशेब. यशवंतरावांची मोटार पाहायला आज परदेशात जावे लागते. यशवंत सागराचे पाणी मात्र अजून इंदुरातच आहे.